ट्रम्पेट चढेपर्यंत

राष्ट्रगीत चालू असताना लोक काय करतात हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. सरकारी बँडात पहिला ट्रम्पेट वाजवणाऱ्याने बँडमास्तरच्या काठीवरून नजर हलवायची नसते, आणि त्याने उभ्या नोकरीत ती हलवली नव्हती. पाहुणे आले, मंत्री आले, परदेशी संघ येऊन हरून गेले. कुणी छातीवर हात ठेवला, कुणी हळूच जांभई दिली, त्याच्या लेखी सगळे सारखेच. त्याला दिसायची ती काठी आणि काठीमागचं बँडमास्तरचं सुटलेलं पोट.

त्याचं खरं काम यायचं दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी. पहिलं कडवं ढोल आणि जाड आवाजाची वाद्यं रेटत नेतात. मग क्षणभर सगळे थांबतात, एकटा ट्रम्पेट वर चढतो, आणि त्याच्या मागून सगळा बँड पुन्हा उसळतो. हा चढ त्याच्या मालकीचा असल्यासारखाच होता. तो नेहमी केसभर आधी घुसायचा आणि वरच्या सुराला सरळ न भिडता जरासा खालून रेलत जायचा. बँडमास्तर दर तालमीला कावायचे, "सगळ्यांच्या आधी तुमचं घोडं दामटायलाच हवं का?" तो मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी तसंच वाजवायचा. शेवटी बँडमास्तरांनी नाद सोडला.

त्याची मुलगी त्या चढावर लहानाची मोठी झाली होती. सराव घरातच चालायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, कारण बाकीच्या दोन खोल्यांत भाडेकरूसारखी कपाटंच राहायची. इतर पोरं अंगाईला झोपतात, ही राष्ट्रगीताला झोपायची, आणि त्याने मध्येच थांबवलं की जागी होऊन भोकाड पसरायची. पुढे ती फुटबॉलची गोलकीपर झाली, देशाच्या संघात गेली, पेपरवाल्यांनी तिचं नाव 'भिंत' ठेवलं. आई म्हणायची, "कसली भिंत? घरातला एक कप धड अडवत नाही." त्या घरात कानतुटके कप बरेच होते.

सामन्याआधी बाप बँडात उभा आणि लेक मैदानात रांगेत, असं दहाबारा वेळा तरी झालं असेल. बँड गोलपोस्टच्या मागे, खेळाडूंची तोंडं समोरच्या झेंड्याकडे. म्हणजे तिला तो दिसायचा नाही, आणि त्याची नजर काठीवर. घरी आल्यावर ती म्हणायची, "आज जरा रंगात नव्हतात बाबा," किंवा, "आज झकास." तेवढ्याने त्याची छाती फुगायची, पण तोंडावर तो दाखवायचा नाही.

मग चिमणी मेली.

चिमणी म्हणजे संघातली सगळ्यात लहान पोरगी, डाव्या बाजूने पळणारी. प्रशिक्षकाची एक शिस्त होती: फेऱ्यांमध्ये जी मागे पडेल, तिला फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत पाणी नाही. उन्हाने जमीन भाजत होती. चिमणी मागे पडली. भिंतीने दोनदा जाऊन सांगितलं, "सर, तिला घोटभर द्या," आणि दोन्ही वेळा प्रशिक्षकाने तिला गोलमध्ये परत धाडलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळच आली नाही. फुटबॉल महासंघाने चौकशी केली म्हणे. निष्कर्ष असा निघाला की पोरीचं हृदय जन्मापासून अधू होतं. याच हृदयाला याच महासंघाच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी ठणठणीत म्हटलं होतं, पण ते आता कुणाला आठवेना. प्रशिक्षकाला तिथून हलवलं, ते वरच्या जागेवर. भिंतीला चौकशीत कुणी बोलावलंच नाही.

पोरींनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं. अध्यक्षांच्या दारात बसल्या, हात जोडले, एका वार्ताहराला गाठलं. त्याने नाश्ता केला आणि नंतर फोन उचलला नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की पुढच्या मोठ्या सामन्यात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकायचा.

घरी हे कळलं त्या सकाळी जे झालं त्याला भांडण म्हणणं कमीच होईल.

"राष्ट्रगीताने तुमचं काय घोडं मारलंय?" तो ओरडला. "प्रशिक्षकाच्या घरावर जा. महासंघाच्या दारात आडव्या पडा. गाण्याला कशाला मध्ये ओढता?"

"दारात पडून झालं, बाबा."

"मग अजून पडा!"

"तुम्हीच एक दुसरी वेळ सांगा," ती म्हणाली. ती ओरडत नव्हती, त्याचाच त्याला जास्त राग येत होता. "सगळं स्टेडियम गप्प आहे आणि आमच्याकडे बघतंय, अशी अजून एखादी वेळ सांगा. मी लगेच ऐकते."

"त्या गाण्यावर मी तुला वाढवलंय," तो म्हणाला. "त्या गाण्याने घर चाललंय आपलं."

"म्हणून तर. परक्याच्या गाण्याला कोण गुडघा टेकेल?"

"मी तिथे उभा राहून वाजवणार आणि माझीच पोरगी खाली बसणार? तोंड कुठे लपवू मी?"

"आणि चिमणीची आई कुठे लपवते?"

आई तोवर त्याच्या गणवेशाच्या कोटाला इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली. "अहो, तुम्ही थांबा. आणि तूही थांब गं. पहिलं कडवं त्या पोरीचं, दुसरं देशाचं. ट्रम्पेट चढेपर्यंत बसा खाली. तो चढला की उठून उभ्या राहा, ताठ. तेवढं तर करशील?"

मग भिंत म्हणाली, "मुलींना विचारते." संध्याकाळी येऊन तिने सांगितलं, मुली तयार आहेत, कॅप्टनला तर ते जास्तच आवडलं. "बाबांचा ट्रम्पेट चढला की उठायचं," असं भिंतीने सगळ्यांना सांगितलं होतं. त्याने काही न बोलता ट्रम्पेट पुसायला घेतला. मनातून तो खूश झाला होता. इतकी वर्षं लोकांच्या उभं राहण्याला तो वाजवत आला होता. आता त्याच्या वाजवण्यावर पोरगी उभी राहणार होती.

सामन्याच्या दिवशी स्टेडियम खच्चून भरलं होतं. बँडमास्तरची काठी उठली, ढोल सुरू झाले, आणि अकराच्या अकरा पोरींनी गुडघा टेकला.

आधी नुसती कुजबुज झाली. मग शिट्ट्या, मग आरडाओरडा, मग शिव्या. राष्ट्रगीताचा अपमान झाला म्हणून हजारो लोक राष्ट्रगीत चालू असतानाच बोंबलू लागले, आणि त्यांच्यातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यांना पहिल्या कडव्याच्या चौथ्या ओळीपुढे शब्द येत नाहीत, तेच सगळ्यात जोरात होते. बँडला स्वतःचा ढोल जेमतेम ऐकू येत होता.

आणि तेव्हा त्याने काठीवरून नजर हलवली.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने पाहिलं, राष्ट्रगीताच्या वेळी लोक कसे दिसतात ते. तोंडं वेडीवाकडी झालेली, मुठी वर, कडेवरच्या पोरांनाही ओरडायला शिकवत होते. त्यातून एक भरलेली बाटली आली आणि गोलकीपरच्या खांद्यावर आदळली. भिंत हलली, एक हात जमिनीला टेकला, आणि पुन्हा होती तशी बसली. तिला कुठे लागलं असेल, किती लागलं असेल, आणि पुढची बाटली कुठे पडेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

ढोल थांबले. त्याची वेळ आली. त्याने ट्रम्पेट ओठाला लावला आणि फुंकला, आणि आतून नुसती हवा गेली. तोंडात थेंब नव्हता. ओठ चामड्यासारखे झाले होते. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच.

बँडांत याची सोय असते. पहिला चुकला तर दुसऱ्याने त्याच ठोक्याला सूर उचलायचा, आणि पहिल्याने वाद्य खाली न घेता गाल फुगवून उभं राहायचं. बाहेर कुणाला कळता कामा नये, आणि नंतरही कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कुणी पाहिला नाही. दुसरा ट्रम्पेट वाजवणारा लंबू, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने सूर उचलला. चोख, ठोक्यावर, सरळ वर. बँडमास्तरांना आयुष्यभर हवा होता तसा.

त्याने गाल फुगवले आणि बोटं हलवत राहिला.

समोर दहा पोरी उठून ताठ उभ्या राहिल्या. अकरावी उठली नाही. सगळा बँड मागून उसळला, दुसरं कडवं पुरं झालं, झेंडा वर जाऊन थांबला, आणि भिंत एकटी हिरवळीवर गुडघा टेकून बसलेली होती.

सामना बरोबरीत सुटला. तिने दोन गोल अडवले, आणि ज्यांच्या बाजूने अडवले त्याच लोकांनी तिची हुर्यो उडवली.

पुढचे दिवस आदराचे होते. जो तो आदरावर बोलत होता. टीव्हीवर चार जण एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ न देता आदर म्हणजे काय ते सांगत होते. न्हाव्याच्या दुकानात अर्ध्या दाढीची माणसं उठून बसून अकलेचे तारे तोडत होती. एका निवृत्त साहेबांनी सांगितलं की त्यांच्या काळी खेळाडूंना गुडघेच नव्हते, किंवा तशा अर्थाचं काहीतरी. जिन्यातल्या शेजारणीने दारावर लावलेला भिंतीबरोबरचा आपला फोटो उतरवला, आणि उतरवताना आवाज होईल याची काळजी घेतली. या सगळ्यात चिमणीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. गुडघा कशासाठी टेकला, हा प्रश्न फार तर कुणी जांभई दिल्यासारखा विचारायचं आणि उत्तराआधी जाहिराती लागायच्या.

महासंघाला तर आयतंच सापडलं. दहा पोरी वेळेत उभ्या राहिल्या, त्यांना समज देऊन सोडलं. त्या भांबावल्या होत्या, वयाने लहान होत्या, असं पत्रकारांना सांगितलं. उरली एकच. आणि ती तीच होती, जिने दोनदा पाणी मागितलं होतं. कॅप्टनने एकदा फोन करून, "तू का नाही उठलीस गं? ट्रम्पेट तर वाजला," एवढं विचारलं आणि रडून ठेवून दिला. नंतर तिचा फोन लागेना.

घरात कुणी विषय काढत नव्हतं. त्याला वाटत होतं, पोरीने शब्द मोडला. पण रागावण्याचं तोंड त्याला नव्हतं, कारण त्या क्षणी आपण काय केलं हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओठ दगा देतो, तोही असा. कुणाला आणि काय सांगणार? तो पोरीची नजर चुकवत होता. नवल म्हणजे पोरगी त्याची चुकवत नव्हती. उलट जेवताना त्याच्या पानात वाढायची, खांदा काळानिळा पडलेला असताना. एकदा तर जाताजाता त्याच्या पाठीवर तिने हात ठेवला. ती असली लाडीगोडी करणाऱ्यांतली नव्हे.

मग महासंघाच्या समितीचा निरोप आला, दोघांनाही. बाप बँडात असल्याचं कुठल्याशा चॅनेलने हुडकून काढलं होतं, आणि बापलेकीचं संगनमत होतं की काय, हे समितीला पाहायचं होतं.

समितीच्या खोलीबाहेर लांबट बाक होता. समोर जुन्या संघांचे फोटो, सगळे हसणारे. दोघं बसली. त्याने मनाशी जुळवाजुळव केली होती: पोर आहे, चुकली, पदरात घ्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आत मी तुमचं नाव घेणार नाही. तुम्हीही काही बोलू नका. पेन्शन जवळ आलीय तुमची."

"माझं नाव? माझं काय?"

ती त्याच्याकडे बघून हसली. चिमणी गेल्यापासून ती हसली नव्हती. "मला पहिल्या सुरालाच कळलं, लंबूकाका वाजवतोय ते. तुमचा चढ मला कळणार नाही होय? तो किती सरळ वाजवतो, शाळेत धडा म्हणून दाखवल्यासारखा. मी म्हटलं, बाबांनी ट्रम्पेट खाली ठेवला. लोक ओरडतायत, बाटल्या येतायत, आणि बाबांनी वाजवायचं थांबवलं. आमच्यासाठी." तिने त्याचा हात धरला. "तुम्ही एवढं केल्यावर मी कशी उठणार होते?"

इतके दिवस तो तिच्यावर मनातून धुमसत होता, आणि ती इतके दिवस त्याच्या जिवावर ताठ मानेने वावरत होती. तिला सांगायला हवं, आत्ताच्या आत्ता, हे त्याला कळत होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायाने हाक मारली.

आत तिघं होते. मध्ये अध्यक्ष, एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला एक माजी खेळाडू बाई, ज्यांनी शेवटपर्यंत वर पाहिलं नाही.

"बाकीच्या उठल्या. तुम्ही का नाही उठलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी मर्जी," भिंत म्हणाली.

"राष्ट्रगीत म्हणजे मर्जीचा मामला आहे?"

चिमणीविषयी बोलायला तिने तोंड उघडलं, तर वकील म्हणाले, तो विषय आजचा नाही.

"मग आम्ही असं धरायचं," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "की तुम्ही एकट्याने, ठरवून, शेवटपर्यंत अपमान केलात. तसं असेल तर शिक्षाही त्या मापाची होईल."

त्याने पोरीकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. आपण गप्प बसलो तर तिच्या नजरेत मोठे राहू. बोललो तर कदाचित तिचा खेळ वाचेल. तिच्यातून खेळ काढला तर काय उरतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि ती बाहेर पडली की चिमणीसाठी बोलणारं कुणी आत उरणार नव्हतं. तो उभा राहिला.

"साहेब, ती खोटं बोलतेय. ती ट्रम्पेट चढायची वाट बघत होती. माझ्या. तो वाजला नाही. वाजला तो दुसऱ्याचा. तिला फरक कळतो, म्हणून ती बसून राहिली. चूक माझी आहे."

"बाबा," भिंत म्हणाली.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम वाजवलं नाहीत?" वकील पुढे सरकले.

इथे हो म्हणायचा अवकाश होता. पण हो म्हणजे संगनमत, हे त्या माणसाच्या सरकण्यावरूनच कळत होतं. "नाही, साहेब. मुद्दाम नाही. मी वाजवणारच होतो. पोरीला बाटली लागलेली बघितली आणि घाबरलो. तोंड कोरडं पडलं. सूर निघाला नाही, एवढंच."

पोरीचा श्वास त्याला ऐकू आला. त्याने तिकडे पाहिलं नाही.

अध्यक्षांनी खूण केली. समोरच्या पडद्यावर सामन्याचं चित्रण लागलं. ढोल थांबले, ट्रम्पेट चढला, खणखणीत; आणि कॅमेरा नेमका बँडावर होता. पडद्यावर तो स्वतः होता, गाल टम्म फुगलेले, बोटं सुरावर बरोबर हलणारी.

"हे कोण वाजवतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी नाही, साहेब. मी नुसते गाल फुगवलेत. लंबूला विचारा."

"विचारलंय. तो म्हणतो तुम्हीच वाजवलंत. तुमचे बँडमास्तरही तेच म्हणतात." वकिलांना हसू आवरेना. "म्हणजे तुमचं म्हणणं, राष्ट्रगीताच्या वेळी तुम्ही नाटक करत होता?"

त्याने आधी मान हलवली, मग खाली घातली. लंबूने त्याला सांभाळून घेतलं होतं. सगळ्यांनीच सांभाळून घेतलं होतं.

"बापाचं काळीज आहे, आम्ही समजू शकतो," अध्यक्ष मायेने म्हणाले. "तुमचं बोलणं आम्ही मनावर घेत नाही. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही."

भिंतीवर चार वर्षांची बंदी घातली. चार वर्षांनी ती ज्या वयाची होईल त्या वयात गोलकीपर पोरींना शिकवतात, खेळत नाहीत. आणि शिकवायलाही तिला बंदीच होती. चिमणीचं प्रकरण मिटल्याची नोंद त्याच बैठकीत झाली. माजी खेळाडू बाईंनी सही करून पेन परत केलं.

अध्यक्ष बोलत होते तेव्हा भिंत त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पडद्याकडे पाहत होती. चित्र त्याच्या फुगलेल्या गालांवरच थांबवलेलं होतं.

बसथांब्यापर्यंत दोघं चालत आली. थांब्यावर बरीच माणसं होती. एकदोघांनी तिला ओळखलं आणि एकमेकांना कोपर मारलं.

"खरंच तोंड कोरडं पडलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग खाली का नाही ठेवलात? गाल कशाला फुगवलेत?"

"तशी पद्धत असते," तो म्हणाला.

तिने मान डोलावली, एखादा पत्ता कळल्यासारखी. "बंदीचं मी धरूनच चालले होते, बाबा. ती होणारच होती." तिचा आवाज शेवटपर्यंत सरळ राहिला. "मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये एक माणूस तरी आमच्या बाजूने गप्प बसला. इतके दिवस त्याच्यावरच काढले मी."

"पोरी, तुला वाचवायलाच मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

बस आली. ती आधी चढली आणि खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तो तिच्यापर्यंत गेला, क्षणभर थांबला, आणि मग दोन बाकं मागे जाऊन दांडी धरून उभा राहिला.